साक्षात्कार आणि संसार



साक्षात्कार झाला की संसार सुटतो, असे आपण धरून चालतो. संत बहिणाबाईंचा (१६२८–१७००) सुटला नाही. कोल्हापुरास जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग कानी पडले. लोकांत बोलवा झाली म्हणून नवऱ्याने मारले, बांधून ठेवले. (या माराला कुणी ईश्वरी कसोटी म्हणतात, मला ते मुळीच पटत नाही.) मग स्वप्नात तुकोबांनी उपदेश दिला. ब्राह्मणाच्या बायकोला शूद्र गुरू! नवरा आणखी चिडला. पण पुढे तोच तिच्यासह देहूला आला.

घर तेच, नवरा तोच. गेली ती भीती. आपली सारी हकीकत, त्या मारासकट, तिने स्वतःच्या अभंगांत सांगितली. आणि मरण समोर दिसत असताना ती मुलाला आपले मागचे बारा जन्म सांगत होती.