मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी भिंगाची निवड



हैदराबाद शहराशी मराठवाड्याचा संबंध जुना आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा हैदराबाद राज्यातून वेगळा झाला. नांदेड जिल्ह्यातील मुधोळ व भैंसा हा भाग मात्र तेव्हा आंध्र प्रदेशात गेला आणि आज तो तेलंगणात आहे. सीमा बदलल्या, तरी औषधोपचारासाठी हैदराबादची वाट धरण्याची रीत मोडली नाही. येथे सरोजिनीदेवी नेत्र रुग्णालय हे सरकारी रुग्णालय आहे. १९८७ मध्ये डॉ. गुल्लपल्ली नागेश्वर राव यांनी एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था स्थापन केली. तिचे ग्रामीण भागातील केंद्र १९९६ मध्ये मुधोळ येथेच निघाले.

पूर्वी रुग्णापुढे प्रश्न एकच असे : शस्त्रक्रिया करावी की नाही? आता दुसरा प्रश्न पुढे येतो : डोळ्यात कोणते भिंग बसवावे? तपासणीच्या दिवशीच भिंगांच्या किमतींचा तक्ता हाती पडतो आणि गावाकडून आलेले कुटुंब गोंधळून जाते. या निवडीसंबंधी चार गोष्टी सांगण्याचे आज योजिले आहे.

आपल्या डोळ्यातील नैसर्गिक भिंग वयोमानाने गढूळ होते, त्यालाच मोतीबिंदू म्हणतात. थेंब, अंजन वा झाडपाला यांनी तो विरघळत नाही. गढूळ भिंग काढावेच लागते. जुन्या काळी ते काढल्यावर जाड काचांचा चष्मा देत. त्यातून वस्तू सुमारे पाव पटीने मोठ्या दिसत आणि पायरीचा अंदाज चुकून माणसे पडत. १९४९ साली लंडन येथे डॉ. हॅरल्ड रिडले यांनी डोळ्यात प्रथम कृत्रिम भिंग बसविले. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे प्लास्टिकसारखे कण शिरले होते, पण डोळ्याने त्यांना विरोध केला नव्हता. हे त्यांनी हेरले होते. पुढे १९९२ मध्ये मदुराई येथे ऑरोलॅबने अशी भिंगे तयार करण्यास प्रारंभ केला आणि परदेशी भिंगांच्या मानाने फार थोड्या किमतीत ती गोरगरिबांना मिळू लागली.

भिंग घडीचे असते किंवा न दुमडणारे. घडीचे भिंग सुमारे अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून आत जाते, तर न दुमडणाऱ्या भिंगास सहा-सात मिलिमीटरचा छेद लागतो. लहान छेदाची जखम लवकर भरते. परंतु कुशल हातांनी बसविलेल्या दोन्ही भिंगांनी उत्तम दृष्टी येते.

याहून महत्त्वाचा भेद नजरेच्या अंतराचा आहे. एककेंद्री भिंग एकाच अंतरावर स्पष्ट दाखविते. ते बहुधा दूरचे पाहण्यासाठी बसवितात, म्हणून वाचण्यासाठी वा सुईत दोरा ओवण्यासाठी चष्मा लागतो. ज्याचे सारे काम जवळचे, अशा शिंप्याने किंवा सोनाराने तसे आधी सांगितल्यास जवळचे अंतर धरूनही भिंग निवडता येते. मग दूरसाठी चष्मा लागेल. बुबुळावरील पारदर्शक पडद्याचा बाक असमान असल्यास चष्म्यात ‘सिलिंडरचा नंबर’ येतो. तो बराच असेल तर टोरिक भिंगाचा उपयोग होतो. तो नसेल, तर त्यासाठी पैसे खर्चण्याचे कारण नाही.

बहुकेंद्री भिंगाने दूरचे व जवळचे असे दोन्ही दिसते आणि चष्म्याची गरज पुष्कळ कमी होते. मात्र डोळ्यात येणारा प्रकाश त्यात विभागला जातो. त्यामुळे रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात व अंधुक उजेडात वस्तूंचा उठाव कमी होतो. रात्री वाहन चालविणाऱ्याने याचा नीट विचार करावा. ज्यांना काचबिंदू आहे किंवा मधुमेहाने ज्यांचे दृष्टिपटल बिघडले आहे, त्यांना हे भिंग सहसा योग्य ठरत नाही. महाग ते सर्वांना हितकर, असा नियम येथे नाही.

भिंगाच्या प्रकारापेक्षाही त्याचा नंबर अचूक असणे अगत्याचे आहे. त्यासाठी डोळ्याची लांबी व पडद्याचा बाक मोजतात. लांबीच्या मापात एक मिलिमीटरची चूक झाली, तर नंबर सुमारे अडीच ते तीनने चुकतो. म्हणून मोजणीच्या वेळी घाई करू नये.

डॉक्टरांना पुढील प्रश्न अवश्य विचारावेत : माझे दृष्टिपटल चांगले आहे काय? काचबिंदू आहे काय? या भिंगानंतर कोणत्या कामासाठी चष्मा लागेल? अधिक किमतीच्या भिंगाने माझ्या डोळ्याला नेमका कोणता लाभ होईल? उत्तर समजले नाही, तर पुन्हा विचारावे. मोतीबिंदूच्या बहुतेक रुग्णांना घरी जाऊन विचार करण्याइतका अवधी असतो. डोळा लाल होऊन दुखत असेल, तर मात्र विलंब करू नये.

घरातील कर्त्या मंडळींना एक विनंती आहे. भिंग ज्याच्या डोळ्यात बसणार, त्याला प्रथम विचारावे. आजीला काय करावयाचे आहे? पोथी वाचावयाची, धान्य निवडावयाचे की शेताच्या बांधावरून चालावयाचे? पुष्कळ घरांत स्त्रियांची शस्त्रक्रिया ‘सुगी झाल्यावर’ म्हणून लांबणीवर पडते. मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहण्याची आता गरज नाही. उलट फार पिकल्यास शस्त्रक्रिया कठीण होते.

महाग भिंगासाठी जमीन गहाण टाकू नये वा सावकाराचे दार ठोठावू नये. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि सरकारी रुग्णालयांतून एककेंद्री भिंगासह शस्त्रक्रियेची सोय केली जाते. अन्य दोष नसलेल्या डोळ्याला या साध्या भिंगानेही दूरचे स्वच्छ दिसते.

भिंग आयुष्यभर टिकते. काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा अंधुक दिसू लागल्यास भिंग बिघडले असे समजू नये. त्याच्या मागील पडदा गढूळ झालेला असू शकतो व लेसरने तो दोष दूर करता येतो. शस्त्रक्रियेनंतर वेदना, लाली वाढली किंवा नजर कमी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. भिंगाचा प्रकार व नंबर लिहिलेले कार्ड जपून ठेवावे. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी ते उपयोगी पडते.

शिक्षक, ग्रामसेवक व आरोग्यसेवक यांनी ही माहिती गावातील वृद्धांना समजावून सांगावी आणि विचारावयाचे प्रश्न त्यांना कागदावर लिहून द्यावेत. तपासणीच्या खोलीत तो कागद त्यांना धीर देईल.