शिंगरू बापाच्या वळणावर जाते काय?



आपल्या बोलीत दोन म्हणी आहेत. एक म्हणते, खाण तशी माती. दुसरी म्हणते, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. दोन्ही आपण एकाच तोंडाने बोलतो आणि त्यांचे आपसांत भांडण आहे हे ध्यानातही येत नाही. पहिलीने स्वभाव रक्तात ठेवला, दुसरीने दावणीत. आजच्या विषयाचा सारा वाद एवढाच आहे. फक्त आमचे जनावर बैल नसून घोडा आहे.

लोहा तालुक्यातील माळेगावी मार्गशीर्ष वद्यात खंडोबाची यात्रा भरते. तेथे घोडा घेणारा दात पाहून वय ठरवतो, भोवरे मोजतो, देवमण शोधतो आणि शिंगरू घ्यायचे असेल तर विचारतो, बाप कोण? बाप चावरा निघाला की गिऱ्हाईक मागे सरते. हे मागे सरणे शहाणपणाचे आहे काय?

नांदेडकरांना घोड्याच्या वंशाचे महत्त्व सांगायला नको. सचखंड श्री हुजूर साहिबच्या तबेल्यातील घोडे गुरू गोविंदसिंगांच्या दिलबाग घोड्याच्या वंशातले मानले जातात, आणि हल्ला-महल्ल्याच्या मिरवणुकीत त्यांचा मान आपण पाहतोच. ती श्रद्धेची गोष्ट आहे. श्रद्धेला हिशेब विचारू नये. पण रक्ताचा हिशेब समजून घ्यायला ते उदाहरण सोयीचे आहे. गुरुजींचे निर्वाण नांदेडला १७०८ साली झाले. दहा वर्षांची एक पिढी धरली तर आजवर तीसएक पिढ्या झाल्या. बाप निम्मे रक्त देतो, आजा पाव, पणजा दोन आणे. दहाव्या पिढीत मूळ पुरुषाचा वाटा हजारात एकाएवढा उरतो. त्याच कुळातली घोडी त्याच कुळातल्या घोड्याला पुनःपुन्हा दाखवली, तरच तो याहून जास्त राहतो. तेव्हा बापाचे नाव मोठे असले तरी निम्मा वाटा घोडीचा असतो, हे विसरता येत नाही.

आता स्वभाव म्हणजे काय? कागद फडफडला की एक घोडा उडतो, दुसरा नुसते कान टवकारतो. हा बुजरेपणा काही अंशी रक्तातून येतो, असे फ्रान्समध्ये वेगवेगळ्या बापांच्या संततीची तुलना करणाऱ्या संशोधकांना आढळले. परंतु चावणे, लाथा झाडणे, अडून बसणे या खोडी आहेत, आणि खोड बहुतेक अंगवळणी पडलेली असते. पैदाशीचा घोडा बहुधा कसा असतो ते आठवा. एकटा, अगाडी-पिछाडी घातलेला, जातभाईला हुंगणे नाही की मोकळे चरणे नाही. कळपात राहणाऱ्या प्राण्याला असे वर्षानुवर्षे ठेवले तर तो चावणार नाही तर काय करील? ती खोड दोरखंडाने लावली. बीजातून ती उतरायची कशी?

शर्यतीचे शौकीन येथे आम्हांस हेस्टिंग्ज दाखवतील. १८९६ सालची बेलमाँट शर्यत जिंकणारा हा अमेरिकन घोडा तामसीपणाबद्दलही तितकाच गाजला. मुलगा फेअर प्ले तापट. नातू मॅन ओ' वॉर २१ पैकी २० शर्यती जिंकला आणि तोही तापटच. तीन पिढ्या झाल्या, आणखी पुरावा कशाला, असे वाटते खरे. पण हेस्टिंग्जची जी संतती गरीब निघाली तिच्या गोष्टी कोण सांगत बसणार? शिवाय हा अमक्याचा नातू, हे ठाऊक असलेला मोतद्दार पहिल्या दिवसापासून लगाम आवळूनच धरतो.

रक्ताचे बळ दिसते ते निवड दोन्ही बाजूंनी आणि पिढ्यान्‌पिढ्या झाली म्हणजे. सायबेरियात १९५९ साली बेल्यायेव्ह यांनी रुपेरी कोल्ह्यांतले सर्वांत शांत नर-मादी निवडण्यास आरंभ केला. काही पिढ्यांत कोल्हे माणसाला पाहून शेपूट हलवू लागले. आपल्या लातूरकडची देवणी जात शांत म्हणून ओळखली जाते, त्यामागेही हेच असावे असे आम्हांस वाटते. मारका गोऱ्हा कोणी वळू म्हणून राखीत नाही; त्याला खच्ची करून औताला जुंपतात. एका वळूची ही करामत नव्हे.

आणि घोडीचा वाटा निम्म्यावरही थांबत नाही. तबेल्यातले शिंगरू बापाला बहुधा पाहतही नाही. सहा-सहा महिने ते आईच्या पोटाशी असते. रेन विद्यापीठातील मार्टीन हाउसबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. घोडी व्याल्यावर पहिले पाच दिवस तिला थोडा वेळ हळुवार खरारा करायचा आणि हाताने चारायचे. शिंगराला बोटही लावायचे नाही. ते शेजारी उभे राहून पाहते एवढेच. अशा घोड्यांची शिंगरे पुढे माणसाला लवकर जवळ येऊ देऊ लागली. खर्च केवढा, तर एक खरारा आणि मूठभर चंदी!

माळेगावास जाल तेव्हा शिंगरासह घोडी बांधली असेल तेथे घटकाभर थांबा. धनी जवळ आला की घोडी कान पाडते की मान पुढे करून हुंगते, ते पाहा. बापाचे नाव मग विचारा. बापाच्या दुलौकिकामुळे स्वस्त झालेले, पण मान पुढे करणाऱ्या घोडीच्या पोटचे शिंगरू मिळत असेल, तर आम्ही ते बेलाशक घेऊ. मात्र कागद फडफडल्यावर ते काय करते हे समजेपर्यंत मुलांच्या हाती त्याचा कासरा देणार नाही.