पेटीतले पुस्तक



गेल्या थंडीत दिल्लीस लेकीकडे गेलो होतो. तेथे चाणक्यपुरीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय पाहिले. शताब्दीच्या प्रसंगी बडोद्याच्या वाचकांपुढे दिल्लीची कथा का, असे आपणांस वाटेल. परंतु ती इकडेच येते.

१९७७ साली उघडलेल्या या संग्रहालयात जुनी इंजिने व डबे बव्हंशी उघड्या आवारात उभे आहेत. नातवाला ओढ लागली ती पतियाळा संस्थानच्या एकरुळी गाडीची. रूळ एकच. भार त्या रुळावर. तोल राखण्यासाठी बाजूचे मोठे चाक रस्त्यावरून चालते. तिला वाफेची इंजिने होती, तशी खेचरेही जुंपली जात, हे ऐकून स्वारी हसू लागली. मग मी त्याला आपल्या डभोई-मियागाम मार्गाची गोष्ट सांगितली. १८६२ साली, खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, अडीच फुटी रुळांवरून तेथे बैल गाडी ओढीत. रूळ इतके हलके की इंजिनाचा भार पेलवेना. पुढे जड रूळ पडले, तेव्हा कुठे बैल सुटले.

पुढे गायकवाड महाराजांचा सलून दिसला, १८८६ सालचा. काचेला नाक लावून आम्ही दोघे पाहत होतो. "आजोबा, तुमच्या आजोबांचा डबा कोणता?" नातवाने विचारले. मला उत्तर देता आले नाही.

माझे आजोबा याच छोट्या मार्गावरील एका स्टेशनात कारकून होते. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बोर्डेन यांना अमेरिकेहून आणून ग्रंथालयांची घडी बसविली, हे आपण जाणताच. फिरत्या वाचनालयाच्या पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव जात, वाहतुकीचा खर्च दरबारचा. अशी पेटी संध्याकाळच्या गाडीने उतरली की पुढची बैलगाडी सकाळी यायची. रात्रभर ती आजोबांच्या ताब्यात. किल्ली कोणाकडे असे, हे त्यांनी आम्हांला कधी सांगितले नाही. वाचून मात्र बरेच झालेले असे.

सलून संग्रहालयात पोचला, हे योग्यच झाले. त्या पेट्यांपैकी एखादी तेथे शोधली, मला तरी आढळली नाही. डभोई-चांदोद मार्गही रुंद झाला. १७ जानेवारी २०२१ रोजी केवडियापर्यंतच्या रुंदमार्गाचे उद्घाटन झाले. नवी गाडी सुखाची आहे, तक्रार नाही. पण आजोबांचे स्टेशन नातवाला दाखवायला नेले, तर बोट कोठे दाखवावे हे मला कळेना.

घरी परतल्यावर माळ्यावरची ट्रंक काढली. तळाशी एक मराठी पुस्तक निघाले, पहिल्या पानावर फिरत्या वाचनालयाचा पुसट शिक्का. आजोबांनी एका रात्रीत ते संपविले नसावे, आणि सकाळी पेटी निघून गेली असावी. वडिलांना हे ठाऊक होते की नाही, कोण जाणे.

ते पुस्तक मी आज बरोबर आणले आहे. ज्या खात्याचे ते होते, त्याची पेटी आता यायची नाही; म्हणून ते या ग्रंथालयाच्या स्वाधीन करतो. दंडाचा हिशेब ग्रंथपालांनी सवडीने सांगावा.