एअरबॅगचा दिवा आणि दोषसंकेत

मोटार सुरू करताच डॅशबोर्डवरील एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझतो. तो पेटलेलाच राहिला, तर नियंत्रण-पेटीला यंत्रणेत दोष आढळला असून अपघातात एअरबॅग उघडेलच याची खात्री उरलेली नाही, असे समजावे. भारतात चालकासाठीची एअरबॅग २०१९पासून आणि शेजारच्या आसनासाठीची २०२१पासून नव्या मोटारींना टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाल्याने हा प्रश्न केवळ महागड्या गाड्यांचा राहिलेला नाही.

स्कॅनरवर दिसणारा, बहुधा ‘बी’ अक्षराने सुरू होणारा दोषसंकेत बिघाड कोणत्या परिपथात आहे एवढेच सांगतो, कोणता भाग बदलावा हे सांगत नाही. चालकाच्या परिपथात विद्युतरोध वाढला असल्यास क्लॉक स्प्रिंग, म्हणजे फिरत्या स्टिअरिंगशी वीजजोडणी टिकवणारी गुंडाळलेली पट्टी, तुटलेली असू शकते. तर गोव्यातील पेडणे-डिचोलीसारख्या मुसळधार पावसाच्या भागांत मॅटखाली मुरलेल्या ओलीमुळे आसनाखालच्या पिवळ्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढण्याची शक्यता आधी तपासणे शहाणपणाचे ठरते.

दुरुस्तीपूर्वी इग्निशन बंद करून बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि कपॅसिटरमधील साठलेली वीज ओसरेपर्यंत निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे. एअरबॅगला थेट मल्टिमीटर लावू नये, कारण त्याचा क्षीण प्रवाहही आतील प्रज्वलक पेटवू शकतो. दोष दूर न करता केवळ संकेत पुसून घेणे किंवा दिवाच काढून टाकणे म्हणजे जिवाशी खेळ होय. वाहनधारकांनी हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.