कुंडीतले रंगीत अळू
(मंडळाच्या श्रावणातील मासिक सभेत केलेले भाषण)



भाषण करण्याचा मला सराव नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या गावच्या शाळेत पुढचे वर्गच नव्हते. तेव्हा बोलण्यात काही चुकले तर सांभाळून घ्या. गेल्या सभेत आपल्यापैकी एकीने विचारले होते की, तिची लेक अमेरिकेत असते, तिच्या दारात सावलीला कुंड्यांमधून ‘होस्टा’ नावाची झाडे आहेत, कुणाची पाने निळसर, कुणाची पिवळट, कुणाला पांढरी कड. त्यातले एखादे इथे आणून लावता येईल का? चिटणीसबाईंनी लगेच माझ्याकडे बोट दाखवले, आणि म्हणून मी आज इथे उभी आहे.

मी मुलाला फोनवर वाचून दाखवायला सांगितले. होस्टा ही मूळची जपान, कोरिया, चीन त्या बाजूची. कडाक्याच्या थंडीत तिची पाने झडतात, मुळे मातीत झोपतात, आणि ती थंडीतली झोप नीट झाली तरच उन्हाळ्याच्या तोंडाला ती जोमाने उठते. आपल्या डोंबिवलीत ती थंडी आणायची कुठून? कुंडी फ्रिजमध्ये ठेवली तर भाजी कुठे ठेवू? तेव्हा ते झाड लेकीच्या दारातच शोभू द्यावे. पण सावलीत वाढणारे, कुंडीत राहणारे, केवळ पानांच्या रंगासाठी लावायचे आणि हौस असेल तसा एकेक नवा वाण जोडत जायचे, असे झाड आपल्याकडेही आहे. टेबलावर मांडलेल्या या कुंड्या त्याच्याच. रोपवाटिकेत याला कॅलेडियम म्हणतात, आमच्या घरी रंगीत अळू. आपल्या खायच्या अळूच्याच कुळातले, पण मूळ गाव दक्षिण अमेरिका. हेही झोपते, मात्र याला थंडी नको असते. ऊब आणि ओल गेली की झोपते, ऊब आली की उठते. आपल्या हवेला अगदी जुळणारे.

आमच्या घरी हे आले माझ्या सासूबाईंच्या हातून. त्यांचे माहेर राजापूरकडचे. परसात न्हाणीच्या पाण्यावर, सुपारीच्या सावलीत तिथे हे आपोआप वाढे. पांढरीशुभ्र पाने आणि त्यावर हिरव्या शिरांची जाळी. त्यांनी त्याचा कंद डालड्याच्या डब्यातून डोंबिवलीला आणला. २००१ साली मी लग्न होऊन आले तेव्हा गॅलरीत त्याच्या तीन कुंड्या होत्या. पहिल्याच दिवाळीनंतर एकेक पान पिवळे पडून लोळू लागले, आणि मार्गशीर्षात कुंड्यांत नुसती माती उरली. मला वाटले, झाड मेले. त्यातली एक कुंडी रिकामी करून मी मेथी पेरली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. टाकलेल्या मातीतून हाताने चाचपून कंद वेचून काढला, पुसला आणि कोनाड्यात ठेवला. चैत्रात मला बोलावून त्याचा लाल टोकाचा डोळा दाखवला आणि म्हणाल्या, “बघ, उठलं.” एवढेच.

त्यांच्याकडून शिकले ते आधी सांगते.

माती भुसभुशीत हवी. मी दोन वाटे लाल माती, एक वाटा जुने शेणखत, एक वाटा नारळाचा भुसा आणि मूठभर जाडी वाळू घेते. आठ इंचाच्या कुंडीला एक मोठा कंद पुरतो. डोळा वर करून, वर दीड-दोन इंच माती येईल इतका खोल लावावा. लावण्याची घाई करू नये. माती गार असली तर कंद उठण्याऐवजी सडतो. मी अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला लावते. तीन-चार आठवड्यांत कोंब दिसतो, कधी त्याहून उशिरा. तोपर्यंत माती नुसती ओलसर ठेवायची.

उजेडाचे मात्र बारकाईने पाहावे लागते. पानातला जो भाग पांढरा किंवा गुलाबी असतो, तिथे हिरवेपणा नाही, म्हणजे झाडाचे अन्न तिथे तयार होत नाही. म्हणून पांढरे पान हळू वाढते आणि दुपारच्या उन्हात कागदासारखे जळते. फार अंधारात ठेवले तर देठ लांब होऊन मान टाकतात आणि रंग फिका पडतो. सकाळचे तासभर कोवळे ऊन आणि पुढे दिवसभर नुसता उजेड, हे त्याला मानवते. उत्तरेची गॅलरी असली तर उत्तम. अरुंद, लांबट पानांचे जे वाण असतात, ते त्या मानाने जास्त ऊन सोसतात.

अळूच्या फुलासारखा कोंब आला तर मी तो खुडते. तो कंदातली शक्ती खातो.

आता नव्या वाणांकडे येते. यात माझी जी चूक झाली ती सगळ्यांसमोर सांगायला संकोच वाटतो, पण तिच्यावाचून बाकीचे सांगण्यात अर्थ नाही.

सासूबाई २०१६ साली गेल्या. त्यांच्या हातचे म्हणावे असे घरात ते पांढरे अळूच राहिले होते. दरवर्षी कंदाला पोरे धरत आणि कुंड्या वाढत. २०२३ च्या संक्रांतीला मी हळदीकुंकवात वाण म्हणून कंदच लुटले. ते दिवस कंदांच्या झोपेचे, त्यामुळे कागदात गुंडाळून द्यायला अगदी सोपे. आपल्यापैकी काहींना आठवत असेल, केवढा हशा झाला होता! एकीने विचारले, “ही सुंठ म्हणायची की आलं?” अकराजणींना मी कंद दिले. चौघींनी लावले आणि दोघींचे उगवले, हे मला फार नंतर कळले.

त्याच वर्षी पावसाळ्यात स्टेशनाजवळ हातगाडीवर एक कुंडी दिसली. गुलाबी पान, लालबुंद शिरा, हिरवी कड. विक्रेत्याला नाव ठाऊक नव्हते; मुलाने फोनवर चित्रे जुळवून सांगितले की, हे ‘कॅरोलिन व्हॉर्टन’ असावे. अडीचशे रुपये मोजले. घरी आणली ती थेट सासूबाईंच्या कुंड्यांच्या मधोमध ठेवली, शोभा दिसावी म्हणून. पाने कुंडीच्या कडेपर्यंत भरलेली, देठ एकमेकांत गेलेले. देठ जिथे मातीतून निघतात, तिथे वाकून पाहण्याची बुद्धी मला झाली नाही. तिथेच कापसासारखे पांढरे पिठ्या ढेकूण बसलेले होते.

पंधरा दिवसांत ते सगळ्या कुंड्यांवर गेले. मी घाबरले. भांडी घासण्याचा साबण चांगला घट्ट कालवला आणि उघडीप पाहून भर दुपारी पानांवर मारला. ढेकूण मेले असतील नसतील, पाने मात्र दुसऱ्या दिवशी होरपळली. मग दुसरी चूक. झाड अशक्त झाले म्हणून मी रोज पाणी घालू लागले. ज्या कुंडीला पान नाही, ती पाणी पिणार कशाने? भाद्रपदात एका कुंडीला आंबूस वास आला. उकरून पाहिले तर कंदाचा सडलेल्या बटाट्यासारखा लगदा. दुसरीही तशीच, तिसरीही तशीच. नवे गुलाबी झाडसुद्धा गेले. संध्याकाळी घरच्यांनी रिकाम्या कुंड्या पाहिल्या आणि म्हणाले, “अडीचशे रुपयांत आईचं झाड घालवलंस.” त्या रात्री आमच्याकडे कुणी नीट जेवले नाही.

२०२४ च्या संक्रांतीला मी वाण म्हणून साध्या वाट्या दिल्या. आपल्या मागच्या इमारतीतल्या वहिनी वाटी हातात घेऊन म्हणाल्या, “यंदा ती सुंठ नाही वाटतं?” मी झाले ते सांगितले. त्या म्हणाल्या, “अगं, माझी उगवली होती की! रंगाच्या बादलीत लावली होती, जिन्याखाली. दिवाळीनंतर वाळली. माती टाकूनच देणार होते, कंटाळा आला म्हणून राहिली.” हळदीकुंकू तसेच ठेवून आम्ही दोघी जिन्याखाली गेलो. लग्नातल्या शालूवर मी माती उकरली. एक मोठा कंद आणि त्याला चिकटलेली दोन पोरे निघाली, कडक, निरोगी. वहिनी मोठा कंदच देत होत्या. मी एक पोर घेतले. आपल्या वहिनींचा आळस देवानेच योजला होता, असे मी त्यांना म्हणते, आणि त्या रागावत नाहीत.

तेव्हापासून नवा वाण घरात घेण्याची माझी रीत ठरली आहे. नवी कुंडी आली की महिनाभर ती स्वयंपाकघराच्या खिडकीत एकटी राहते; गॅलरीशी तिचा संबंध नाही. दर तीन-चार दिवसांनी देठांचे सांधे आणि पानांची मागची बाजू मुलाच्या भिंगाने पाहायची. पिठ्या ढेकूण दिसला तर अगदी सौम्य साबणपाण्यात भिजवलेल्या बोळ्याने संध्याकाळी पुसून काढायचा, तोही आधी एकाच पानावर करून पाहून. पान आखडलेले असेल, त्यावर शिरांच्या कडेने पिसासारखे फिके पट्टे दिसत असतील, तर तो रोग पुसून जात नाही. तो विषाणूचा असतो, मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो आणि खायच्या अळूलाही तो धरतो. असे झाड सरळ टाकून द्यावे, अडीचशेचे असो की हजाराचे. आणि सर्वांत आधी, नवे काही आणण्यापूर्वी, जुन्याचा एक कंद दुसऱ्या कुणाच्या तरी घरी पोचलेला असला पाहिजे.

वर्षाला एकच नवा वाण, हेही मी ठरवून टाकले आहे. हौशी बायका एका कुंडीत चार रंग कोंबतात. दिसायला छान दिसते, नाही म्हणत नाही. पण एक लवकर उठतो, एक उशिरा, जोरकस असतो तो नाजूक असेल त्याला दाबून टाकतो. मी एका कुंडीत एकच लावते आणि कुंड्या शेजारी शेजारी मांडते. ही ठेंगणी, पोपटी पानांवर लाल शिंतोड्यांची आहे ना, तिला ‘मिस मफेट’ म्हणतात. ती पुढे, उंच असतील ती मागे. फक्त कठड्यावर कुंडी ठेवू नका. खालून माणसे जातात.

नावाची पट्टी दह्याच्या डब्याचे झाकण कापून करावी आणि तीवर पेन्सिलीने लिहावे. पेनाची शाई पावसात जाते, पेन्सिल टिकते. पान गेल्यावर सगळे कंद सारखेच दिसतात, हे विसरू नका.

कंद कापूनही वाढवता येतो. प्रत्येक तुकड्याला निदान एक डोळा हवा. कापलेल्या बाजूला राख लावून दोन-तीन दिवस सावलीत सुकवावे, मगच लावावे. झाड दाट हवे असेल तर मधला मोठा डोळा कोरून काढतात, म्हणजे बाजूचे डोळे फुटतात. पाने मात्र लहान येतात. मी सासूबाईंच्या कंदाला अजून चाकू लावलेला नाही. धीर होत नाही.

एक गोष्ट सर्वांनी घरी जाऊन सांगावी. हे अळू खायचे नाही. वडी नाही, फदफदे नाही, चिंच घालून नाही, कसेच नाही. खायच्या अळूतही खाज आणणारे बारीक सुईसारखे कण असतात, म्हणून तर आपण चिंच घालतो आणि चांगले शिजवतो. पण याच्यावर तो प्रयोग करू नये. कधी कधी रंगीत कंदाला एखादे पान साफ हिरवे येते आणि ते थेट वडीच्या पानासारखे दिसते. म्हणून वडीचे अळू आणि हे अळू एका ठिकाणी कधीही लावू नका. माझ्या नणंदेच्या नातवाने पानाचा एक लचका तोडला होता. ओठ सुजले, लाळ गळू लागली. तोंड पुसून, गार पाणी देऊन लगेच डॉक्टरांकडे नेले, बरे झाले. घरात रांगते मूल असेल तर दोन वर्षे थांबा. झाड पळून जात नाही.

आता या शेवटच्या कुंडीबद्दल सांगते आणि बसते. वहिनींच्या बादलीतले ते पोर २०२४ च्या अक्षय्य तृतीयेला लावले. एकवीस दिवस काही नाही. मी रोज उकरून पाहायची आणि घरचे ओरडायचे. मग कोंब आला. पहिली दोन पाने बरीचशी हिरवीच निघाली, आणि मला वाटले की कंद बदलला की काय. तिसऱ्या पानावर पांढरे उतरले. यंदा दुसरे वर्ष आहे. सकाळी मोजली तेव्हा नऊ पाने होती, इथे आणताना रिक्षात एक मोडले.

या संक्रांतीला पांढऱ्याचे तीन-चार कंद निघावेत असा अंदाज आहे. ते ज्यांची गॅलरी उत्तरेची आहे त्यांनाच देणार, राग मानू नये. गुलाबीचे आणि ठिपक्यांचे ज्यांना हवे असतील त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे, आणि येताना कागदाची पुडी व पेन्सिल आणावी.