भूत शोधणारे आणि आपण

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने आम्हाला वाचनावर बोलायला सांगितले. आम्ही पडलो सूतगिरणीचे कामगार. शाळा सातवीत सुटली, पुढचे शिक्षण पुस्तकांनीच केले. पण खरे सांगतो, वाचनाची गोडी आम्हाला मोठ्या ग्रंथांनी लावली नाही. ती लावली भुतांच्या आणि गुप्तहेरांच्या गोष्टींनी. हसू नका!

त्या काळी बाजारात पुस्तके भाड्याने मिळत. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, नारायण धारपांचे समर्थ, जे हाताला लागेल ते आणायचे. रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत कापसाच्या गाठीवर बसून वाचायचे. वाचून झाल्यावर संडासाला एकटे जायची हिंमत होत नसे, ही गोष्ट वेगळी. पुढे मुलगा कॉलेजात गेला आणि इंग्रजी पुस्तके घरी येऊ लागली. शब्दकोश घेऊन, अडले की मुलाला विचारून आम्ही तीही वाचली. त्यातल्या दोन गोष्टी तुम्हाला सांगायच्या आहेत.

पहिली विल्यम होप हॉजसन या इंग्रज लेखकाची. त्याने १९१० पासून कार्नाकी नावाच्या भूतशोधकाच्या कथा लिहिल्या. हा गडी मित्रांना लंडनच्या घरी जेवायला बोलावतो आणि जेवण झाले की आपला अनुभव सांगतो. काही कथांत भूत खरे निघते, काहींत माणसाची करामत निघते. पण कार्नाकी आधीच ठरवून जात नाही. अगोदर घर तपासतो, दारे-खिडक्यांना सील लावतो, फोटो काढतो. एका कथेत जुन्या प्रार्थनाघरात नोकराला खंजीर लागतो, मारणारा कोणी दिसत नाही. लोक म्हणतात शाप आहे. कार्नाकी रात्रभर तिथे बसतो, फोटो ताडून पाहतो. शेवटी कळते, पूर्वजांनी चोरांसाठी तिथे एक यांत्रिक सापळा बसवला होता आणि घरचा म्हातारा मालक तो अजून गुपचूप लावत होता. शाप कसला अन् काय कसले!

दुसरी गोष्ट शेरलॉक होम्सची, कॉनन डॉयलची, १९२४ सालची. ससेक्समधल्या एका गृहस्थाची दुसरी बायको पेरू देशाची, म्हणजे परकी. तान्ह्या बाळाच्या मानेला तोंड लावलेली ती दाईला दिसते, ओठांना रक्त असते. झाले! बाई रक्त पिते म्हणून सगळे घर हादरते. होम्स म्हणतो, आधी पाहू. तो भिंतीवरची बाणांची हत्यारे पाहतो, लंगडणारा कुत्रा पाहतो, खिडकीच्या काचेत सावत्र मुलाचा द्वेषाने भरलेला चेहरा पाहतो. खरे काय होते? त्या पंधरा वर्षांच्या मुलाने मत्सरापोटी बाळाला विषारी बाण टोचला होता. कुत्र्यावर आधी प्रयोग करून पाहिला होता. आणि आई ते विष तोंडाने ओढून काढत होती! नवऱ्याचा त्या मुलावर फार जीव, म्हणून बिचारी गप्प राहिली. जी वाचवत होती, तीच चेटकीण ठरली.

गंमत अशी की हाच डॉयल आत्म्यांवर विश्वास ठेवत होता. १९२० मध्ये दोन मुलींनी काढलेले पऱ्यांचे फोटो त्याने खरे मानले. त्या पऱ्या कागदाच्या होत्या, हे त्या दोघींनी म्हातारपणी, १९८३ साली कबूल केले. म्हणजे शहाण्या माणसानेही आपल्या बुद्धीवर पहारा ठेवायला हवा.

आता आमचीच गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत, आपल्याच समाजाच्या एका घरात, जावेचे बाळ सारखे आजारी पडे. जुलाब थांबेनात. नवी सून रात्री पदराखाली काहीतरी लपवून बाहेर जाते, असे कोणीतरी पाहिले. देवऋष्याकडे गेले, त्याने सुनेकडे बोट दाखवले. करणी! तिला माहेरी धाडली. आम्ही त्याच आठवड्यात या विहारात अंधश्रद्धेवर भाषण ठोकले होते. पण त्या घराची पायरी चढलो नाही. म्हटले, दुसऱ्याच्या घरचा मामला.

सून गेली तरी जुलाब थांबले नाहीत. शेजारच्या दोन घरांतली पोरेही आजारी पडली. मग गटारीजवळ खणले, तर पाण्याचा पाइप सडलेला. नळाच्या पाण्याला वास येतो, असे ती पोरगी पहिल्यापासून सांगत होती. सासूला ते नखरे वाटले. म्हणून ती रात्री हापशावरून कळशी आणून बाळाला तेच पाणी उकळून देत होती. तिला आणायला आम्ही चौघे गेलो. ती म्हणाली, "काका, तेव्हा तुम्ही कुठे होता?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

होम्सची गोष्ट आम्ही नंतर वाचली. वाचताना तीच पोरगी डोळ्यांपुढे आली आणि पुस्तक मिटून ठेवावे लागले.

तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना काय सांगितले? परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका. स्वतः पारखून घ्या. बाबासाहेबांनी १९५६ ला नागपुरात बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या आपण म्हणतो. पण घरात पोर आजारी पडले की पाय देवऋष्याकडे वळतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. कोणावर करणीचा आळ घेऊन त्रास देणे हा आता गुन्हा आहे. कायदा आहे, पण पोलिसांकडे जाणारा माणूस पाहिजे, आणि त्याआधी पाइप पाहणारा माणूस पाहिजे.

म्हणून समितीला विनंती. विहाराच्या कपाटात मोठे ग्रंथ आहेत, ते राहू द्या. त्यांच्या शेजारी या छोट्या गोष्टीही ठेवा. रविवारी पोरांना एक गोष्ट अर्धी वाचून दाखवा आणि विचारा, आता तुम्ही काय तपासाल? पोरे भुताला भिऊ देत थोडी, त्यात मजा आहे. पण भिऊन झाल्यावर कंदील घेऊन बघायला जायची सवय लागली पाहिजे. आम्हाला ती उशिरा लागली.

 जयभीम! नमो बुद्धाय!