पहिली सहा वर्षं: संशोधन काय सांगतं, मोहल्ल्यात काय चालतं

(नागपूर येथे तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



शिक्षणाचा विषय निघाला की आपण दहावी-बारावीचे निकाल, शिष्यवृत्ती, वसतिगृह, स्पर्धा परीक्षा यांवर बोलतो. ते हवंच. पण नववीत शाळा सोडणारं मूल त्याच वर्षी मागे पडलेलं नसतं. म्हणून आज मी तीन ते सहा वर्षांच्या मुलांबद्दल बोलणार आहे. त्यांच्याविषयी झालेलं संशोधन आपण वाचायला शिकलं पाहिजे, हा माझा आग्रह आहे.

हा विषय आपल्याला परका नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये इथून जवळच, वर्ध्याला, शिक्षण परिषद भरली. तिथे नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. त्यांनी आखलेली नयी तालीम सात ते चौदा वयासाठी होती. पुढे सेवाग्रामला तिला पूर्व-बुनियादीची, म्हणजे सात वर्षांखालच्या मुलांची जोड मिळाली. झाकिरसाहेबांच्या जामियात लहान मुलांचं काम गेर्डा फिलिप्सबॉर्न या जर्मन ज्यू शिक्षिकेनं केलं. मुलं त्यांना आपाजान म्हणत.

दुसरं नाव ताराबाई मोडक. लग्नानंतर काही वर्षं त्या आपल्या विदर्भात, अमरावतीला होत्या. १९२६ मध्ये त्यांनी गिजुभाई बधेकांसोबत नूतन बालशिक्षण संघ उभा केला. १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केल्यावर त्यांच्या आणि अनुताई वाघांच्या लक्षात आलं की दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येतच नाहीत. मग त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना तिथली. कोण येत नाही आणि का, हे जाऊन पाहणं हीसुद्धा संशोधनाचीच पहिली पायरी आहे.

आता तीन अभ्यास सांगतो.

पहिला अमेरिकेतल्या मिशिगनमधला, १९६२ मध्ये सुरू झालेला. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली १२३ मुलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून ५८ जणांना चांगली बालवाडी दिली, ६५ जणांना नाही. बालवाडीतल्या मुलांची बुद्धिमापन चाचणीतली आघाडी काही वर्षांत विरली. अभ्यास तिथेच थांबला असता तर ‘पैसे वाया गेले’ असं म्हटलं गेलं असतं. पण ही मुलं चाळिशीला पोचेपर्यंत संशोधक त्यांच्या मागावर राहिले. बालवाडीत गेलेल्यांपैकी जास्त जणांनी शालेय शिक्षण पूर्ण केलं होतं, त्यांची कमाई जास्त होती, अटका कमी झाल्या होत्या. मात्र लक्षात ठेवा, तिथे प्रशिक्षित शिक्षिका होत्या, एका शिक्षिकेकडे मोजकी मुलं होती आणि दर आठवड्याला घरभेट होती. पाटीवर ‘नर्सरी’ लिहिल्यानं हे फळ मिळत नाही.

दुसरा अभ्यास दिल्लीतला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला. सुमारे दीड हजार बालवाडीतल्या मुलांसोबत चार महिने गणिताचे खेळ खेळले गेले. संख्येची आणि आकारांची उपजत समज वाढली, ती वर्षभर टिकली. पण पहिलीतल्या आकडेमोडीत त्याचा टिकाऊ फायदा दिसला नाही. संशोधकांनी हे लपवलं नाही. खेळ हवाच, पण खेळातल्या समजेपासून पाटीवरच्या आकड्यापर्यंत मुलाला हात धरून आणणारं कुणीतरी हवं, असा अर्थ मी त्यातून काढतो.

तिसरा तमिळनाडूचा. तिथे काही अंगणवाड्यांना फक्त शिकवण्यासाठी अर्धवेळ जादा सेविका दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांची भाषा आणि गणित सुधारलं, खुरटलेपणही घटलं. आपल्याकडे सेविकेवर आहार, वजन, नोंदी, सर्वेक्षण असं सगळं असतं. ती शिकवत नाही म्हणून तिच्यावर रागावण्याआधी तिला वेळ किती उरतो ते पाहा.

आता आपल्या मोहल्ल्यांकडे या. मोमिनपुरा असो की ताजबाग, रोजंदारीवर जगणारे आईबापही पोट मारून खासगी नर्सरीची फी भरतात. तीन वर्षांच्या मुलाला रोज एबीसीडी गिरवायचा गृहपाठ मिळतो. बोटं अजून तयार नसतात, मूल रडतं, आई रागावते. घरात उर्दू किंवा नागपुरी हिंदी, गल्लीत मराठी, वर्गात न कळणारी इंग्रजी. २०११ ते २०१६ या काळात आसाम, राजस्थान आणि तेलंगणात मुलांचा चार ते आठ वयापर्यंत मागोवा घेणारा मोठा अभ्यास झाला. त्यात दिसलं की खासगी बालवाड्या बहुतेक पहिलीचाच अभ्यास खाली ओढतात, आणि पहिलीत जाणाऱ्या मुलांची शाळेसाठीची तयारी कच्चीच असते. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा म्हणतं. इंग्रजी शिकूच नये असं मी म्हणत नाही. मुलाला जी भाषा कळते तिच्यात आधी भरपूर बोलू द्या, गोष्टी ऐकू द्या. दुसरी भाषा त्याच पायावर उभी राहते.

आणि हा हक्काचाही प्रश्न आहे. २००६ च्या पंतप्रधानांच्या नव्या १५ कलमी कार्यक्रमातलं पहिलंच कलम अल्पसंख्याक वस्त्यांत अंगणवाड्यांचा न्याय्य वाटा देण्याचं आहे. ते आपल्यापैकी किती जणांनी वाचलं आहे?

म्हणून एक काम सांगतो. दोघादोघांनी एकेक गल्ली घ्या. तीन ते सहा वयाची मुलं किती, त्यातली किती अंगणवाडीत, किती नर्सरीत, किती घरी, हे मोजा. परवानगी घेऊन अंगणवाडीत तासभर बसा. मुलं किती वेळ बोलतात आणि किती वेळ हाताची घडी घालून गप्प बसतात, ते लिहा. सेविकाताईंना त्यांची अडचण विचारा. कुणी मोठा दावा केला की तीन प्रश्न विचारा: तुलना कुणाशी केली? किती वर्षं पाहिलं? तिथली परिस्थिती इथे आहे का?

असे आकडे हातात असले की नगरसेवकाकडे तक्रार न्यायची गरज नाही, मागणी नेता येईल. आणि मोहल्ल्यातल्या आयांशी बोलताना उपदेश करावा लागणार नाही, माहिती देता येईल.